कोठीवाल्याचे चौदा जीव

गेल्या वर्षीचा एप्रिल, दुसरा रविवार, दुपारचे साडेचार. रक्कम चौदा. हजर: मी, माझी पत्नी मंगल, मुलगी सायली आणि मंगलचे थोरले भाऊ हणमंतराव, राहणार मोडनिंब. कूलर चालू होता. पंखा बंद ठेवला होता, कारण पंख्याने कागद उडत होते.

रक्कम रुपयांत नव्हती. ते चौदा जीव होते. सायली शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीची सुट्टी घेऊन पुण्याहून आली होती आणि पुस्तकांच्या पिशवीतून एक खेळही आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. ‘समोर लांडगे आहेत, काय करता?’ असं ती विचारणार, आम्ही सांगणार, आणि जमलं की नाही ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. प्रत्येकाला ठरावीक जीव. मार बसला की जीव वजा होतात, शून्य झाले की माणूस पडतो. डोंगरातून चाललेल्या एका तांड्याचा मी कोठीवाला झालो, धान्य मोजून देणारा. मंगल तिरंदाज झाली. हणमंतराव पैलवान झाले, ते दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. पैलवानाचं नाव त्यांनी सुलतान ठेवलं. सुलतान नावाचा एडका पूर्वी त्यांच्या कळपात होता. त्याने दोन माणसं पाडली होती, असं ते अभिमानाने सांगत.

आता पुन्हा एप्रिल आहे. सकाळी नऊलाच गच्चीच्या फरशीवर पाय ठरत नाही. कडुनिंबाचा बारीक मोहोर पाण्याच्या टाकीवर पडतो आणि दुपारी कूलरच्या ओल्या गवताचा वास सुटला की मी उठून कूलर बंद करतो. वास चांगलाच आहे. पण गेल्या उन्हाळ्यात त्या वासात बसून मी एका माणसाचा उजवा हात पाहत होतो. परवा सायलीचा फोन आला, “बाबा, फासे शोधून ठेवा, मी शनिवारी येते.” फासे शोधायला लागले नाहीत. ते कुठे आहेत हे मला माहीत असतं. सोमवारी हणमंतरावांना डॉक्टरांकडे न्यायचं आहे, ऑपरेशनला वर्ष होत आल्याची तपासणी. म्हणून पुन्हा तेच सुरू झालं आहे. त्यांचा फोन आला की मी आधी ऐकतो, फोन त्यांनी स्वतः लावला की नातवाने लावून दिला.

त्यांच्या मानेत मणका सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. बोटं बधिर व्हायची. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी स्वतःची दोन बोटं पुढे केली, “दाबा, जोरात.” हणमंतरावांनी दाबली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पाचपैकी चार. पाच म्हणजे पूर्ण ताकद, शून्य म्हणजे काहीच नाही. म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, पण आहे ते टिकावं म्हणून करायचं. मी विचारलं, “शंभरात किती जणांना गुण येतो?” डॉक्टर म्हणाले, “शंभर जण आणलेत का बरोबर?”

हणमंतराव बाहेर येऊन म्हणाले, “बघू. पेरणी होऊ द्या.” पेरणीला दोन महिने होते.

म्हणून ते आमच्याकडे राहिले होते, मानेला पट्टा लावून, निर्णय न घेता. आणि म्हणून रविवारी खेळ. सायलीचं म्हणणं, मामांचं मन रमेल. माझं म्हणणं, तिचा अभ्यास बुडेल. मंगलचं म्हणणं, दोन्ही होईल, बसा.

टीपॉयवर मी कारखान्यातला एक बाद टॉवेल अंथरला होता, म्हणजे फासे घरंगळत नाहीत. टॉवेलच्या कारखान्यात मी माल तपासतो. वजन, लांबी, विणीची दाटी. एक काठ सुटला तर टॉवेल बाद, मग तो बाकी कितीही मऊ असो. चाळीस टक्के ओला असूनही कोरडा, असा टॉवेल नसतो. त्यामुळे पहिल्याच रविवारी माझं आणि त्या खेळाचं बिनसलं. लांडग्याने सुलतानच्या मांडीचा लचका तोडला, असं सायलीने रंगवून सांगितलं. सुलतानचे वीस जीव होते, त्यातले एकोणीस गेले. पुढच्या खेपेला सुलतान धावत गेला आणि त्याने लांडग्याला उचलून आपटलं.

“थांब,” मी म्हणालो. “मांडीचा लचका गेलाय ना त्याच्या?”

“हो.”

“मग धावतो कसा?”

“एक जीव आहे ना अजून. एक असला की सगळं चालतं.”

“वीस असताना जेवढी ताकद, एक असताना तेवढीच?”

“तेवढीच.”

“आणि उद्या?”

“रात्रभर झोपला की परत वीस.”

“झोपून मांडी उगवते?”

“अहो बाबा, जीव म्हणजे मांस नाही. दम, नशीब, चुकवायची ताकद, सगळं मिळून तो आकडा आहे.”

“मग लचका कशाला तोडलास? दम तोडायचा.”

हणमंतराव मान न वळवता अख्ख्या अंगाने माझ्याकडे वळले. “दाजी, तुमी खेळाय बसलाव का लांडग्याचा पंचनामा कराय? उभा हाय न्हवं सुलतान? मग झालं की.”

ते फासा फुलपात्रात घालून, फुलपात्र दोन्ही तळव्यांत धरून, उपडं करून टाकत. आम्हाला वाटलं, पैलवानी ऐट आहे. मंगलनेही एकदा तसं टाकून पाहिलं. तिचा बाण कोठीवाल्यालाच लागणार होता, थोडक्यात चुकला.

माझ्यासारख्या माणसाला खोटा आकडा झोपू देत नाही. पुढच्या रविवारी मी एक नियम मांडला: मार बसला की कुठे बसला त्याचा वेगळा फासा टाकायचा. डोकं, छाती, डावा हात, उजवा हात, पाय. हाताला लागलं तर त्या हातात शस्त्र धरता येणार नाही. हाड मोडलं तर सहा आठवडे. सायलीने ओठ काढले. “बरं. पण मग रडायचं नाही कुणी.”

त्या नियमाने पहिला मार बसला तो सुलतानला. सायलीने जागेचा फासा टाकला आणि वाचलं, “उजवा हात. मामा, सुलतानचा उजवा हात आता चालत नाही.”

तिला त्यांच्या मानेचं माहीत होतं. हाताचं पुरतं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. हणमंतराव हसले, “डाव्यानं लढंल की.” आणि त्यांनी उजवा हात टीपॉयवरून उचलून मांडीवर, पंच्याखाली ठेवला.

दोन दिवसांनी पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर बादल्या, पिंपं, कळशा मांडून बसतं आणि मोटारींच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. हणमंतराव म्हणाले, “एक कळशी मी नेतो वर.” मंगल नको म्हणेपर्यंत ते जिन्यात होते. कळशी पडली. तांब्याची कळशी जिन्यावरून पडत येते तेव्हा प्रत्येक पायरीला वाजते. आम्ही धावलो तर ते मधल्या पायरीवर भिंतीला टेकून उभे, पायजमा भिजलेला.

“ओली हुती,” ते म्हणाले. “निसटली.”

“दादा, लागलं का?” मंगलने विचारलं.

“कळशीलाच पोचा आलाय. मला काय हुतंय?”

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं अर्धी वळलेली होती, अजून कळशीचा गळा धरल्यासारखी. मग मला बाकीचं दिसायला लागलं. ते बटणाचा सदरा घालत नव्हते, वरून ओढायचा बनियन घालत होते. चहाचा कप कानाला न धरता ओंजळीत धरत होते. भाकरी मोडून दिलेली असली तरच जेवत, नाहीतर ‘भूक न्हाय’ म्हणत. शेंगदाण्याची चटणी त्यांच्या ताटाभोवती सांडलेली असे आणि मंगल काही न बोलता ती टिपून घेई. फुलपात्राचं कोडं सुटलं. मला वाटतं तिला माझ्या आधी कळलं होतं. बहिणींना कळतं. तिने कळशी वाळूने घासली आणि उन्हात पालथी घातली.

आणि खेळात काय झालं? खेळ थांबला. म्हणजे रविवारी आम्ही बसत होतो, पण माझ्या खऱ्या नियमामुळे कुणी पुढे जाईना. जखम झाली तर सहा आठवडे, म्हणून जखम होऊच द्यायची नाही. सगळा तांडा खिंडीखालच्या धर्मशाळेत जाऊन बसला. मंगलच्या तिरंदाजाने चूल मांडली. माझा कोठीवाला रोज धान्य मोजत होता. आम्ही सुलतानचा हात बरा व्हायची वाट पाहत होतो. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सायली जांभया देत विचारायची, “आज काय करता?” आणि आम्ही सांगायचो, “थांबतो.”

मला वाटायचं, हेच खरं आहे. खरी माणसं अशीच वागतात. खरी माणसं तशीच वागत होती. त्या तीन आठवड्यांत मी हणमंतरावांसमोर ऑपरेशनचा विषय काढला नाही, कारण त्यांनी नाही म्हटलं तर काय आणि हो म्हटलं तर काय, दोन्हीची मला धास्ती होती. माझ्या कोठीवाल्याचे चौदाच्या चौदा जीव शाबूत होते. तो प्रत्येक लढाईत धान्याच्या गाडीच्या मागे उभा होता. मला त्याचं थोडं समाधानही वाटत असे, हे लिहायला हरकत नाही.

मेच्या मध्यावर डॉक्टरांनी पुन्हा बोटं पुढे केली. “दाबा.” हणमंतरावांच्या कपाळावर शीर आली. डॉक्टर म्हणाले, “दाबा ना.” ते म्हणाले, “दाबतोयच की.”

पाचपैकी तीन.

रिक्षात ते बाहेर बघत होते. ऊन इतकं होतं की रस्त्यावर माणूस नव्हता, फक्त रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. मी आपला हिशोब करत होतो: चारचे तीन व्हायला पाच आठवडे, तर तिनाचे दोन व्हायला किती, पेरणीपर्यंत किती उरेल. कारखान्यात ओलावा मोजतो तसं. माझ्या लक्षात आलं, सुलतानच्या जीवांवर मी एवढा वाद घातला, आणि इथे एका माणसाचा अख्खा हात, त्याने उचललेली पोती, त्याने दाबलेल्या माना, त्याने कातरलेली मेंढरं, सगळं डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात एका आकड्यात घातलं होतं आणि मी तो आकडा खोटा आहे असं म्हणालो नव्हतो. मी त्याला धरून बसलो होतो. धरायला दुसरं काही नव्हतं.

त्या रविवारी सायलीने विचारलं, “आज काय करता?” मी म्हणालो, “थांबतो.”

“थांबून थांबून मुंग्या लागल्या,” हणमंतराव म्हणाले. “सायले, त्यो दाजींचा नियम काढ.”

“मामा, तो नियम खराय.”

“खरा हाय म्हणूनच म्हंतो.” मग ते माझ्याकडे वळले. “दाजी, तुमी कदी फडात उतरलाव का?”

“नाही.”

“मी उतरलोय. निकाली कुस्ती. मातीवरची. वेळ न्हाय, गुण न्हाय, पाठ लागस्तोवर सोडायचं न्हाय. लोकास्नी तीच खरी वाटती. माजी मान समोरच्याच्या काखेत. तासभर. त्यो सोडंना, मी पडंना. हलगी वाजतीया, लोकं शिट्ट्या मारत्यात. पंचाला कोण थांबवू देतंय? ह्यो मणका हाय न्हवं, त्यो त्या दिवशीचा हाय. मला कवाच कळलंय, डॉक्टरला कशाला सांगू?”

कूलरचं पाणी ठिबकत होतं. सायलीने फासा मुठीत धरला होता.

“फुडं मॅट आलं. सा मिन्टं. याला दोन गुण, त्याला चार. शिट्टी वाजली, हात वर, घरी जावा. आमी म्हातारे हसायचो, ही काय कुस्ती हाय व्हय, हे तर गणित. पर पोरं घरी जात्यात, दाजी. खोटी हाय म्हणून जात्यात. खऱ्याला आकडा नसतो, मंग त्याला शेवट बी नसतो. तुमच्या त्या धर्मशाळेवानी.”

मंगल म्हणाली, “काढा हो तो नियम.” काढला.

मग हणमंतरावांनी पुढचं वाक्य टाकलं. “आता असं करू. ही खिंड हाय, तिथं ते अस्वल बसलंय म्हंती सायली. सुलतान जाणार. उभा ऱ्हायला तर उद्या दवाखान्यात तारीक घ्यायची. पडला तर मोडनिंबची यष्टी. निकाली.”

“दादा, काहीतरीच काय!” मंगल म्हणाली.

“मामा, असं फाशावर नसतं ठरवायचं,” सायली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“मंग कशावर? सा हप्ते डोक्यावर ठरवतोय, ठरतंय का?”

मला उठून जावंसं वाटलं. वीस तोंडांचा तो प्लास्टिकचा तुकडा आम्ही बाद टॉवेलवर टाकणार आणि त्यावर एका माणसाचा हात. पण ते तसेच आहेत. जे बोलले ते करतात, एडकाच. सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

अस्वलाने पहिल्या दोन झडपांत सुलतानचे सतरा जीव घेतले. उरले तीन. सुलतानने ठोसा मारला, बसला. मंगलने बाण मारला, बसला. अस्वल संपत आलं होतं, एक घाव हवा होता. पण पाळी अस्वलाची. सायलीने माराचे दोन आठतोंडी फासे टाकले. दोन्हींवर आठ.

सोळा. तिनातून सोळा जात नाहीत.

सायली फाशांकडे बघत राहिली. तिला ते झाकून घेता आले असते. तिने घेतले नाहीत, माझी मुलगी आहे ती. हणमंतराव मागे टेकले आणि म्हणाले, “चला. मंगल, पिशवी भर.”

तीन आणि चौदा सतरा. सतरातून सोळा गेले, उरला एक. हे माझ्या डोक्यात किती वेळात झालं ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, “माझे चौदा त्यांना.”

“काय?” सायली म्हणाली.

“कोठीवाला गाडीमागून निघाला, अस्वल आणि सुलतानच्या मधे आला. माझे चौदाच्या चौदा जीव सुलतानला दिले. त्याचा एक उरतो.”

“बाबा, असं देता येत नाही. असा नियम नाही.”

“माहीत आहे.”

“आणि कोठीवाला गाडीपाशी आहे, साठ पावलांवर. तुम्हीच मोजली होती.”

“माहीत आहे.”

हणमंतराव माझ्याकडे बघत होते. “दाजी, हे नियमात न्हाय.”

“नाही.”

“खरं बी न्हाय.”

“नाही.”

“मंग?”

मंगलने पदराने डोळे टिपले आणि उगाच म्हणाली, “चहा टाकू का?” सायलीने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि पेन्सिल उचलली. “कोठीवाला पडला,” ती म्हणाली. “सुलतान उभा आहे. एक जीव. मामा, तुमची पाळी. अकरा किंवा वर हवेत.”

“एका जीवावर?” त्यांनी विचारलं. “ताकद केवडी?”

“पूर्ण, मामा. एक असला तरी पूर्ण.”

त्यांनी फुलपात्र बाजूला सारलं. उजवा हात पंच्याखालून काढला आणि फासा बोटांनी उचलायला गेले. निसटला. पुन्हा निसटला. आम्ही कुणी हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा तो अंगठा आणि मधल्या बोटात अडकला, टॉवेलच्या वर दोन वीत आला आणि पडला.

तेरा.

अस्वल कसं कोसळलं ते सायलीने सांगितलं, पण नीट सांगता आलं नाही तिला. सोमवारी आम्ही तारीख घेतली. पेरणी त्यांच्या मुलाने केली. ऑपरेशनला किती तास लागले, बाहेरच्या बाकावर मी काय काय मोजलं, ते मी विसरायचा प्रयत्न करतो. नंतर तिनाचे चार झाले, पाच झाले नाहीत. करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर आहेत. सदऱ्याची बटणं लावतात, गळ्याचं सोडून. गळ्याचं वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, लावतात आणि ते त्यांना म्हणतात, “एवडं ठिवलंय तुज्यासाठी.”

पोचा आलेली कळशी आम्ही ठोकून घेतली नाही. ती तशीच भरते. आज पाण्याचा दिवस होता. सोमवारी डॉक्टर दोन बोटं पुढे करतील आणि मी खुर्चीच्या कडेला बसून कागदाकडे बघेन. चार राहील का? मला माहीत नाही. हणमंतराव फोनवर म्हणाले, “रविवारी खेळूच की. पर तुमचा माणूस तर मेलाय.” मी म्हणालो, नवा करीन. सायलीने विचारलं, या वेळी कोण होणार? मी अजून ठरवलेलं नाही. गाडीमागे उभा राहणारा नको, एवढंच.

टॉवेल धुऊन ठेवला आहे. जुना कागद त्यातच होता. त्यावर सायलीच्या अक्षरात शेवटची नोंद आहे: कोठीवाला, जमा चौदा, दिले चौदा, सुलतान यांस. बाकी शून्य.